भिंतीला पोट आलंय

५ जाने., सोम.
घरमालक शेठ पत्रे काढून वर स्लॅब टाकणार. दोन खोल्या चढवणार. आमी खालीच राहायचं म्हणे, जरा धूळ सोसा. पावणे गावातलं जुनं दगडी घर, मातीत रचलेलं. पत्रे झेपतायत तेच लई. सासू लकव्यानं पडलेली, मागच्या भिंतीला तिची कॉट. जमीन हलली तर तिला कोन काढणार?
ह्यांना सांगितलं तर, "तू इंजिनेर हायस?"
न्हाई. पाटणच्या गवंड्याची पोरगी हाय. भूकंपाचे हादरे खात वाढले.

७ जाने.
बाबांना फोन. ऐकू कमी येतं, ओरडून घसा बसला. म्हणाले भिंत ठोकून बघ. ठोकली. ढब ढब, पोकळ. दोरी धरली तर मधे चार बोटं फुगलीय.
"पोट आलंय. आतला थर येगळा, भायेरचा येगळा, मधी कपच्या. सून घातलीच न्हाई. हादऱ्यात दोन थर दोनीकडं पडतील. वर वजन तर अजिबात नको."
सून म्हणजे आरपार जानारा लांब दगड. सून दोन घरं धरते तसा ह्यो दोन थर धरतो, म्हणून बाबा त्याला सून म्हणतात.

९ जाने.
माझी जीभ कापून टाकावी. शेठला गल्लीतच गाठलं, चार लोकांत म्हणाले, "शेठ, तुमच्यात सूनच न्हाई, घर टिकंल कसं?"
त्याच्या पोराची बायको दिवाळीपासून माहेरी. डोक्यातच आलं न्हाई. लोकं हसली. शेठ लाल.
"माज्या घरातला काढतेस? तुज्या गावचा भूकंप तिकरंच ठेव!"
दगडाचं म्हनते वो, दगडाचं! ऐकतो कशाला. माफी मागायला पायजे होती. न्हाई मागितली. हे बोलत न्हाईत माझ्याशी.

१२ जाने.
शेठची आई पुढच्या खोलीत राहते. आज स्वतःच आली, भिंतीवर हात फिरवत बसली. तिनं आनि नवऱ्यानंच रचलेली.
"खरा हाय बाय तुजा. लांब दगड उचलाला चार मानसा लागतान. आमी दोघाच होतो."
शेठला सांगते म्हनाली. पहिल्यांदा कुनी ऐकलं. चहा दिला तिला.

१५ जाने.
सांगितलं म्हातारीनं. शेठनं काय केलं? आईला खारघरला धाकट्याच्या फ्लॅटवर नेऊन ठेवलं. म्हने धूळ लागंल.
धूळ! म्हंजे पटलंय ह्याला. आईपुरतं पटलंय.
तोंडावर विचारलं, "आमची म्हातारी मानूस न्हाई?" मोबाईल कानाला लावून निघून गेला. फोन वाजला पन नव्हता.
खडी उतरलीय दारात. उद्या सेंट्रिंगवाले. हे म्हनतात दुसरी खोली बघू, आधी भांडू नको. बघा तुमी खोली. आमी गेलो तर दुसरं कुनीतरी झोपंल ह्याच भिंतीखाली.
कामावर खाडा सांगितलाय. सकाळी खडीच्या ढिगावर बसनार. मला हलवायला कोन येतं तेच बघते.