एकोणीस नंबरची हजेरी

६ जाने., मंगळ.
आमच्या सहल कंपनीच्या चिखलोलीच्या नव्या ऑफिसला रंग लागला. अंबरनाथ पूर्व, बदलापूर, आता ही तिसरी शाखा. चि. मिलिंद म्हणतो, उद्घाटनाच्या बसची हजेरी बाबांनीच घ्यायची, आईच्या पद्धतीनं. सुमन सीटचा नंबर पुकारायची, प्रवासी 'हजर' म्हणायचा. माझ्या शाळेतून उचललेली पद्धत. एकोणीसपाशी माझा आवाज... बघू.

९ जाने., शुक्र.
उल्हासनगरला फलक छापायला. मजकूर सूनबाईचा : 'तीस वर्षांची सोबत. एकही प्रवासी मागे राहिला नाही.' छपाईवाला सिंधी, जुन्या ओळखीचा. म्हणाला, "साईं, ऐसी लाइन किसी टूरवाले के पास नहीं. पक्की है ना?"
मी मान हलवली.
परतताना रिक्षात चौथीची कविता म्हणू लागलो, मन थाऱ्यावर यायला. दुसरं कडवं आठवेना.

११ जाने., रवि.
लिहूनच टाकतो. आमची चौथी सहल, नर्मदेचा घाट. तेव्हा एकच बस, तीही भाड्याची. एकोणीस नंबर शेवंताबाई, बदलापूर गावच्या, कानानं जवळजवळ बहिऱ्या. बसमध्ये मी सगळ्यांकडून शाळेतल्या कविता म्हणून घ्यायचो, तेव्हा त्या आमचे ओठ बघून म्हणायच्या. सगळ्यांच्या एक ओळ मागे. किती गोड म्हणायच्या.
हजेरीला त्यांना ऐकू येत नसे, म्हणून अठरा नंबरच्या बाईच त्यांचं 'हजर' म्हणून टाकायच्या. बस हसायची. आम्हीही.
त्या संध्याकाळी सुमननं पुकारलं, एकोणीस. हजर. निव्वळ सवयीनं. शेजारची जागा रिकामी होती, पण अठराच्या बाईंना वाटलं, शेवंताबाईंना बस लागते, पुढे ड्रायव्हरपाशी बसल्या असतील. जेवणाच्या मुक्कामाला एक पान उरलं तेव्हा कळलं. उलटे गेलो. घाटावर कोणी नाही, पिशवीसुद्धा नाही. पोलिसांत कळवलं. सुमन तीन दिवस पायऱ्यांवर बसून होती. शेवंताबाईंना एक भाचा, तेवढाच. तो म्हणाला, "आत्याला तिथंच राह्यचं होतं. जाऊ द्या, मास्तर."
आम्ही जाऊ दिलं. अजून सापडल्या नाहीत.
शेवटच्या आजारात सुमन उशीवर बोटं आपटून मोजायची. अठरा. मग थांबायची.

१४ जाने., संक्रांत
मिलिंदला सांगितलं. कुणाला सांगायचं नाही, ही सुमनला दिलेली शपथ मोडली. तो तिळाची वडी बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "लोक आईच्या हजेरीवर विश्वास ठेवून येतात, बाबा. आता तिलाच खोटं पाडायचं?"
सूनबाई दारात उभी होती.

१८ जाने., रवि.
उद्घाटन. फलक तोच. फक्त झेंडूचा जाड हार नेमका दुसऱ्या ओळीवर सोडलेला. सूनबाईचं काम. मुद्दाम का, विचारलं नाही. चार दिवसांत सुकेल.
बसमध्ये हजेरी. एकोणीसला नवं लग्न झालेली पोर, कानात ते हल्लीचं गाण्याचं खुपसलेलं. नवराच म्हणाला, हजर.
"तुम्ही नाही. त्यांनी म्हणायचं."
बस हसली. पोरीनं कान मोकळे केले, लाजत म्हणाली, हजर. आणि तिच्यामागून, एक ओळ मागे, बहिऱ्या माणसाच्या सपाट आवाजात...
मिलिंदनं खालून विचारलं, "बाबा, आले ना सगळे?"
मी पुन्हा एकपासून सुरू केलं.