डोक्याचा इसब

॥ श्री ॥

बोळिंज, विरार (प.)
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. अनुज,

आशीर्वाद. तू घ्यायला येत नाहीस, म्हणून पाठवावा लागतो.

इकडे ठीक. तुळशीचं लग्न झालं, वाडीतली केळी यंदा बरी आहेत. पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे, राग मानू नकोस. चांगला कागद आहे. फोन करत नाही, कारण "आई, शूट चालू आहे" एवढं ऐकायला मला तुझा आवाज नको. पत्र ऑस्करच्या हाती देते. तू त्याच्याबरोबरचा बँड सोडून नट झालास, तरी तो पापडीहून येऊन माझी विचारपूस करून जातो.

मालिका पाहिली. नेत्राच्या मोबाइलवर. तुझी गाणी मला कधी कळली नाहीत, अभिनय कळला. त्या खोट्या बापाच्या तिरडीपाशी काय रडलास! आणि ते गुळगुळीत डोकं. नेत्रा म्हणाली, "आई, विग नाही हं, दादाने खरंच वस्तरा फिरवून घेतलाय. केवढं डेडिकेशन!" मी उठून देवापाशी गेले. दिव्यात तेल होतं, तरी घातलं.

रविवारी चंद्रकांता आत्या आली, दोन्ही जावांना घेऊन. आधी चहा संपवला. मग म्हणाली, "वहिनी, अनुजच्या डोक्याचा इसब बरा झाला वाटतं. कुठलं मलम गं? आमच्या ह्यांनाही हवंय." जावांनी पदर तोंडाला लावले.

इसब. आठवतो ना? बाबांच्या दहाव्याला तळ्याकाठी न्हावी वस्तरा घेऊन बसला होता, आणि तू त्या खांद्यापर्यंतच्या केसांना हात लावू देईनास. माझ्या कानाशी येऊन म्हणालास, "आई, शनिवारी शो आहे. केसांशिवाय मला कोण ओळखणार?" मग मीच पुढे झाले. सगळ्या भावकीसमोर सांगितलं, त्याच्या डोक्यात इसब आहे, डॉक्टरांनी वस्तरा नको म्हटलंय. पिंड मांडलेले होते, अनुज. त्यांच्यासमोर सांगितलं. तुझ्या जागी तुझा चुलतभाऊ प्रणव बसला. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरीची मुलाखत होती, तरी त्याने वस्तऱ्याखाली डोकं दिलं. तेव्हापासून मी सोमवार धरलेत. कशासाठी, ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणि काल ऑस्कर बोलता बोलता म्हणाला, "कुठला शो, काकी? तो आम्ही काका गेले त्याच संध्याकाळी कॅन्सल केला. अनुजला माहीत होतं की. त्याची ऑडिशन होती ना त्या आठवड्यात." बोलून गेला आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. त्याच्यावर डाफरू नकोस. खोटं तू बोललास, तेही मला, बाप जाऊन दहा दिवस झाले नव्हते तेव्हा. आणि तुझ्या त्या खोट्यावर मी माझं चढवलं.

बापासाठी जे दिलं नाहीस, ते डायरेक्टरने मागितल्यावर दिलंस. वर त्याचं कौतुक करून घेतोस.

कॅमेरा तुझ्या मागून फिरला, तेव्हा डोक्यामागची खूण दिसली. चार वर्षांचा होतास, विहिरीच्या पायरीवर आपटलास. बाबा तुला छातीशी धरून अनवाणी पळाले होते, सदरा रक्ताने भिजलेला. इतकी वर्षं ती खूण केसांखाली होती. मालिकेतल्या तुझ्या त्या आईने नेमका तिच्यावरूनच हात फिरवला. तिला काय माहीत तिथे काय आहे ते.

येत्या सोमवारी बाबांचं वर्षश्राद्ध. पानं वाढायच्या आधी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे की इसब नव्हता, मी खोटं बोलले. तू आलास तरी सांगणार, नाही आलास तरी सांगणार. यायचं असेल तर टोपी घालून येऊ नकोस. जेवढे केस उगवले असतील तेवढेच घेऊन, उघड्या डोक्याने ये. आधी प्रणवच्या पाया पड. तो लहान असला तरी.

मग माझ्यापुढे वाकशील. तेव्हा त्या डोक्यावर माझा हात पडेल की नाही, हे मी आज लिहून देत नाही.

आई