मोराचा डोळा

मंगळवार, संध्याकाळ, जुळे सोलापूर

गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलची पेटी केवढी, तर तळहाताएवढी. तिच्यावर छापायला मी आठवडाभर संगणकावर मोर रंगवत बसले. उद्या छपाईला द्यायचा म्हणून आज नक्षी कागदावर काढून पेटीवर ठेवली, तर आवाजाच्या नॉबचं भोक थेट मोराच्या डोळ्यावर. पेटीला नॉबची तीन भोकं असतात, हे विसरलेच कशी मी? रडूच फुटलं.

माझे वडील, नाना, मागे येऊन उभे राहिले. जन्मभर चादरीच्या मागासाठी नक्षीच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडली त्यांनी; भोक असेल तसा मागावर धागा उचलला जातो आणि नक्षी उमटते. म्हणाले, "रडतीस कशाला? आमचं फूल भोकातूनच निघायचं की."

मग मोराच्या डोळ्यावर बोट दाबून त्यांनी कागद जरासा फिरवला. उरलेली दोन्ही भोकं पिसाऱ्यातल्या डोळ्यांवर जाऊन बसली! त्यांच्या मोतीबिंदूच्या नजरेला दिसलं, आणि मला स्क्रीनवर मोर मोठा करूनही नाही. लहानपणी त्याच पुठ्ठ्यांवर मी भातुकली मांडायचे. त्या भोकांत काय असतं, हे एकदाही विचारलं नाही.

कागदाला तिथं भोक पाडून मोराच्या डोळ्यात काळा नॉब बसवला, पांढऱ्या रेघेचा.

"फिरव," नाना म्हणाले.

फिरवला. पांढरी रेघ बुबुळासारखी वळली, आणि मोरानं मान न हलवता माझ्याकडं बघितलं.