नळ उघडा ठेवून

ती. आई,

हे पत्र पाठवायचा धीर मला होणार नाही, तरी लिहिते. तुम्ही मोठ्या भाऊजींकडे राहायला गेल्यापासून घर शांत आहे. मला हवं होतं अगदी तसंच.

उठता-बसता तुमचं ते एकच! नळाला पाणी आलं, "देवा, तुझी कृपा." हरवलेली किल्ली सापडली, "देवा, तुझी कृपा." त्या दिवशी पाहुण्यांसमोर लिफ्ट चालू दिसली म्हणूनही तेच. मी म्हटलं, "आई, थोडं श्रेय लिफ्टवाल्यालाही द्या की!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. त्यानंतर ते शब्द तुमच्या तोंडून पुन्हा ऐकू आले नाहीत आणि मला हायसं वाटलं.

आज तुमच्या लेकाच्या साइटवर क्रेनची तार तुटली. तो खालीच उभा होता. थोडक्यात वाचला. फोन आल्यापासून माझ्या जिवात जीव नव्हता. संध्याकाळी दारात त्याचे बूट वाजले आणि तुमचेच शब्द माझ्या ओठांवर आले. पण कोणत्या तोंडाने म्हणणार? "चहा टाकते," एवढंच बोलून मी स्वयंपाकघरात पळाले. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडला आणि सिंकवर वाकून म्हटलं, "देवा, तुझी कृपा."

आणि एकदम आठवलं. इथून जायच्या आधी तुम्हीही एकही भांडं घासायचं नसताना अशाच नळ सोडून वाकून उभ्या असायचात. मी बाहेरून ओरडायचे, "आई, पाणी किती वाया घालवता!"

तुमची,
धाकटी सून