ह्यांच्या पिकअपचं इंजिन

१२ जाने. १९८६, रविवार
भूमहून दुपारच्या एस.टी.नं आले, आईला बघून. दारात पाऊल टाकलं तर पिकअपचं बॉनेट अंगणात उपडं, रेडिएटर रांजणाला टेकवलेला. इंजिन साखळीनं लिंबाच्या फांदीला टांगलेलं, अर्धं आत, अर्धं बाहेर. दीर नामदेव आणि लोहाऱ्याचे मिस्त्री हनीफभाई कोपरापर्यंत तेलात.
मला कुणी विचारलं नाही.
हे जाऊन चौदा महिने झाले. गाडी नुसती उभी असली तरी दर रविवारी मी पुसते. पुढच्या आठवड्यापासून तिच्यातून वस्तीसाठी पाण्याची पिपं आणायचं ठरलं होतं, ड्रायव्हरही बघून ठेवला होता. नामदेवला हे सगळं माहीत.
हनीफभाई ओशाळले. म्हणाले, ताई, मला तर हा बोलला तुमचीच मर्जी आहे म्हणून.
नामदेव खाली बघून म्हणाला, "इचारलं असतं तर तुमी न्हाय म्हनला असता, वयनी."
म्हणजे माहीत होतं!
हनीफभाईंचं म्हणणं, आता असं लटकत ठेवता येणार नाही, फांदी धरायची नाही. परत बसवायला दोन दिवस लागतील. म्हटलं, काढा बाहेर, पण फाटकाच्या पुढं जायचं नाही. साखळी ते ओढत होते, इंजिन कुठं आपटू नये म्हणून मी बाजूनं धरलं. लई जड. दोन जुन्या टायरांवर टेकवलं. अंगावरचं पातळ तेलानं खराब झालं, धुवायला पाणी कुठलं?

१३ जाने.
शाळेत चित्त नाही. चौथीतल्या एका मुलीला उगाच रागावले, तिला पाढा येत होता. मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवलं.
घरी नामदेव जेवायला आला नाही. बरं झालं.

१५ जाने.
आज कळलं. मला वाटत होतं इंजिन आमच्याच विहिरीवर बसवणार. म्हणून शाळा सुटल्यावर मळ्यात जाऊन आले. विहिरीत गुडघाभर गाळ, बेडूकसुद्धा नाही. तिथं कसलं इंजिन?
नामदेवला धरलं. मग बोलला. सोसायटीच्या चेरमनची मोटर जळाली आहे, वीजही राहत नाही. इंजिन त्यांच्या विहिरीवर बसवायचं. बदल्यात रोज दोन तास पाणी आमच्या ज्वारीला. कणसं निसवून बाहेर पडायच्या बेतात आहेत, पंधरा दिवसांत पाणी नाही मिळालं तर कडबासुद्धा हाती लागणार नाही, म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. ते बघूनही राग गेला नाही. उलट वाढला.
ती विहीर! आमच्या बायांनी काठावर पाय ठेवायचा नाही ती. खाली घागर ठेवून उभं राहायचं, कुणी ओतलं तर ओतलं. अजून तसंच. कायदा काय म्हणतो ते मी वर्गात शिकवते.
तिथं ह्यांचं इंजिन पाणी उपसणार.

१६ जाने.
सासूबाई माझ्या बाजूनं बोलतील असं वाटलं होतं. त्याच विहिरीखाली त्या सून म्हणून आल्यापासून उभ्या राहिल्यात. म्हणाल्या, "दे बाई. रानाला पानी लागलं म्हंजे झालं. माझं काय, मी उभं राहून सवयीची झाले."
सवयीची.
मी ताट सरकवून उठले. नंतर वाईट वाटलं. त्यांनीही भाकरी तशीच झाकून ठेवली होती.

१९ जाने., रविवार
सकाळी चेरमनची बैलगाडी दारात. दोन गडी, दोर, वासे. नामदेव ना इकडे ना तिकडे. मी इंजिनापाशी उभी राहिले आणि गड्यांना म्हटलं, मालकांना बोलवा.
तासाभरानं ते आले. गोड बोलले. बाई, तुम्ही शिकलेल्या, गावावर संकट आहे, अशा वेळी आपलं-परकं करू नये वगैरे.
रात्रभर मनात चालू होतं ते बोलून टाकलं. "इंजिन देते. पण उद्यापासून आमच्या बाया काठावर येतील आणि आपल्या हातानं पाणी भरतील. तेवढं कबूल करा आणि आत्ता घेऊन जा."
वस्तीतल्या पाच-सहा जणी फाटकाशी आल्या होत्या. सासूबाई घागर घेऊन त्यांच्यातच.
चेरमन माझ्याकडं न बघता नामदेवकडं बघून म्हणाले, विचार करून सांगतो.
बैलगाडी रिकामी गेली.

२० जाने.
नामदेव म्हणाला, तुमच्या हट्टापायी पीक जाणार. मी म्हटलं, हट्ट कुणाचा ते जाऊन त्यांना विचार. गेला नाही. पण दुपारी इंजिनावर पोतं टाकून बांधलेलं दिसलं, आत धूळ जाऊ नये म्हणून. त्यानंच बांधलं असणार.

२३ जाने.
निरोप नाही. हनीफभाई येऊन गेले. परत बसवायचं का विचारत होते. थांबा म्हटलं.
बांधावरून ज्वारी बघितली. खालची पानं वाळली. माझीही ज्वारी आहे ती, मला काय आनंद होतोय?
चार दिवस झाले. यात विचार करण्यासारखं काय आहे, तेवढं मला कुणीतरी सांगावं.