तिच्या चित्रातली तू

आई, तुझ्या नातीवर मी जळते. घे, लिहून टाकलं एकदाचं. स्वतःच्या पोरीवर जळते असं तोंडानं कुणाला सांगणार? तू गेलीस तेव्हा ती दुसरीत होती. आता चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे.

उद्या तिला जलरंगातली चित्रमालिका परीक्षकांपुढे मांडायची आहे. विषय तिनंच निवडला: मल्लेश्वरमच्या आपल्या जुन्या घरातलं स्वयंपाकघर, आणि त्यात तू. गेला महिनाभर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. जिकडेतिकडे कागद भिजवून, फळ्यांवर ताणून चिकटवलेले. डोशाच्या पिठाच्या माझ्या पातेल्यात ब्रश धुते, बया! मी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात दिवसभर हिशेब तपासून, ट्रॅफिकमध्ये पिचून घरी यावं, तर ही ओल्या कागदावर निळा रंग सोडून हात मागं बांधून बसलेली. "अगं, कर की काहीतरी," म्हटलं तर म्हणते, "स्वल्प थांब गं. आज्जी म्हणायची, कागदाची चकाकी जाईपर्यंत ब्रश लावायचा नाही. रंगाला जायचंय तिकडं जाऊ दे."

म्हणायची? मला तर असलं कधी काही म्हणाली नाहीस. शाळेत जगाच्या पोरांना चित्रकला शिकवलीस, आणि मी तुझी पोटची पोर कोरडी ती कोरडीच. अजून डोळ्यांपुढं आहे: मी चौथीत, ओट्याखाली बसून जास्वंद रंगवतेय. लाल वाळायच्या आत हिरवा लावला, दोन्ही एकमेकांत शिरले, सगळा तपकिरी राडा झाला. तू कुकरचं झाकण लावता लावता वळून बघतेस. "चिखल केलास नुसता. धीर म्हणून नाही तुला." माझ्या हातातला ब्रश काढून घेतेस, धुतेस, तुझ्या डब्यात ठेवून देतेस. संपलं. मी पुन्हा मागितला नाही आणि तू दिला नाहीस.

आणि ही! हिनं त्याच स्वयंपाकघरात रंगाचं अख्खं पाणी तुझ्या नव्या कागदांवर सांडलं होतं. मी धावत आले, म्हटलं आता हिची काही खैर नाही. तर तू पदरानं तिचं नाक पुसत हसतेस! "असू दे की. बघ, कसा नवीनच रंग झालाय." तू तेव्हा रिटायर झाली होतीस, हाताशी वेळ होता, जीव मऊ झाला होता. कळतं गं मला सगळं. कळून काय करू? मला तुझी लेक व्हायचंच नव्हतं, नात व्हायचं होतं.

आज सकाळपासून शेवटचं चित्र चाललंय. खिडकीशी बसून तू रंगवते आहेस. काय काढलंय, आई! ऊन तिनं रंगवलेलंच नाही, तेवढा कागद नुसता पांढरा सोडलाय, तरी ओट्यावर ऊन पडलंय. तुझी लांब बोटं आहेत, मनगटावरचा भाजल्याचा डाग आहे. फक्त चेहऱ्याची जागा कोरी आहे. फोटो बघून काढायचं नाही, आठवणीतूनच काढायचं, असं तिच्या सरांनी बजावलंय.

"मला आज्जीचे हातच आठवतात," ती रडवेली होऊन म्हणाली. "मी शेजारी बसायचे ना, सगळं लक्ष कागदावर. रंगवताना ती दिसायची कशी गं? तू सांग की."

"नाही आठवत," मी म्हटलं. "मला कुठं होता वेळ बघायला?"

ती अजून हॉलमध्ये त्या कोऱ्या जागेपुढं बसून आहे. मी ऑफिसचं काम आहे सांगून आत आले आणि फोनवर हे लिहीत बसले. आत्ताच तिनं पुन्हा हाक मारली, "आई, आठवलं का काही?" नाही म्हटलं.

खालचा ओठ दातांत धरायचीस. चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर, उजवी भुवई वर चढलेली. रंग मनासारखा उतरला की नाकपुड्या फुलायच्या आणि तू कुणाला तरी फसवल्यासारखी गालात हसायचीस. मी दाराआड उभी राहून बघायचे, तुला कधी कळलंही नाही. सगळं आठवतं मला. पण तिला नाही सांगणार, आई. एवढं तरी तुझं माझ्या एकटीकडे राहू दे.