शेणाइतकंच पाणी

भूज, चैत्र

ती. नाना,

धाकट्या नवलचा वाकून नमस्कार. मी बरा आहे, जेवण वेळेवर मिळतं. फोनवर तुम्ही माझं ऐकत नाही, म्हणून हा कागद.

"गोबरगॅस बठ्ठा फुकट शे," असं त्या प्लांटवाल्या एजंटचं ऐकून तुम्ही म्हणालात, तेव्हापासून ते जेवण गोड लागेना. सगळंच फुकट कुठे असतं? जो एजंट पहिल्याच भेटीत तुम्हाला 'प्रगतशील शेतकरी' म्हणतो, त्याला चहा द्यावा, सही देऊ नये.

मी कामाला आहे त्या तबेल्यावर तसाच प्लांट आहे. गॅस पेटतो, खोटं कशाला बोलू? पण बादलीभर शेणाला बादलीभर पाणी लागतं, आणि इथे पाणी टँकरचं. मागच्या आठवड्यात टँकर अर्धाच आला. पाहणीला पाहुणे येणार, म्हणून मालकाने आधी प्लांटची टाकी भरली. म्हशी हौदाचा कोरडा तळ चाटत राहिल्या.

आपल्या पहूरच्या विहिरीला आता किती पाणी आहे? खरं सांगा.

चुलीच्या धुराने वहिनींचे डोळे गेले, हे मलाही दिसतं. तरी त्या एजंटला एवढं विचाराच, "वैशाखात आमच्या म्हशींनी काय गॅस प्यायचा?"

तो हसला, तर वाटेला लावा. उठून विहिरीत वाकून बघायला गेला, तर मात्र जेवायला थांबवा.

तुमच्या शब्दाबाहेर नसलेला, पण सहीआधी आडवा येणारा,
नवल